खुर्चीचं माप

रायपूरच्या त्या दवाखान्यात डॉक्टरबाईंच्या खोलीबाहेर भिंतीवर ससे आणि फुगे रंगवलेले आहेत. त्याखालच्या बाकावर मिशीवाले पुरुष बसतात, स्वतःचं मूल मांडीवर घेतलेल्या बायका बसतात. कुणी बीरगांवचे, कुणी अभनपूरचे. सगळे बाईंचे लहानपणापासूनचे पेशंट. वय वाढलं म्हणून बालविभागाने त्यांना तपासणं बंद केलं, बाईंनी केलं नाही. सेरेब्रल पाल्सी वाढदिवसाला संपत नाही, एवढंच त्या म्हणत.

माझी बहीण त्यांच्याकडे प्रथम गेली ती आईच्या कडेवर. पाय ताठ, गुडघे एकमेकांत अडकणारे. बाईंनी वर्षानुवर्षं व्यायाम घेतले, पायांना आधाराचे कॅलिपर चढवले, वॉकर हातात दिला. ती शाळेत स्वतःच्या पायांनी गेली. आमच्या रेल्वे कॉलनीत आई हे सगळ्यांना सांगे.

पुढे बहिणीला एका कार्यालयात संगणकावर काम मिळालं. फाटकापासून टेबलापर्यंत वॉकरवर चालत पोचली की तिची बोटं थरथरत, बराच वेळ टायपिंग होत नसे. खांदे दुखू लागले. घरी आली की न जेवता झोपे. नोकरी सोडायचं तिच्या मनात येऊ लागलं, तेव्हा आम्ही बाईंकडे गेलो.

“कशी आहेस?” बाईंनी तिला विचारलं.

“चांगली आहे मॅडम, चालून राहिली,” आई म्हणाली.

“आई, तुमची तब्येत मी नंतर विचारते.”

बहीण हिंदीत बोलली. “थक जाती हूँ, मॅडम. नौकरी छोड़ दूँ क्या?”

बाईंनी तिचे खांदे तपासले, मनगटं वळवून पाहिली. “नोकरी सोडू नको. ऑफिसात व्हीलचेअर वापर.”

आईचा आवाज चढला. “काहून? पोट्टीले उभी करा, चालवा, म्हणून तुम्हीच आमच्या मागं लागल्या होत्या ना? आता लोक म्हणतील, बसली शेवटी.”

“हव, मीच लागले होते. तेव्हा तिला शाळेत जायचं होतं. आता काम करायचं आहे. सगळी ताकद चालण्यातच गेली तर कामाला काय उरेल? घरात चालू दे, व्यायामही सुटायला नको. पण ठरवायचं तिनं.”



“माप घ्या मॅडम,” बहीण म्हणाली.

बाईंनी टेप काढून कंबरेची रुंदी, मांडीची लांबी, पाठीची उंची स्वतः मोजली. तयार खुर्ची सैल पडली तर बहीण एका अंगावर कलेल, हे तिला दवाखान्यातल्या खुर्चीत बसवून आईला दाखवलं. ऑफिसच्या दाराचं माप आणायचं काम मला दिलं. बातमीदारीत मी बरेच डॉक्टर पाहिले. आपल्याच हातचं इतक्या वर्षांचं काम बाजूला ठेवून पेशंटची आजची गरज पाहणारे त्यांत थोडे होते.

खुर्ची आली. काही महिन्यांनी तपासणीला गेलो. बहिणीची नोकरी टिकली होती.

“संध्याकाळी काय करतेस?” बाईंनी विचारलं.

“भांडते,” बहीण म्हणाली.

“खरंच मॅडम,” आई म्हणाली. “टीव्हीवरून, भाजीवरून, कशावरूनही. मीच थकून आधी झोपून जाते.”