शनिवारचा वायरिंगचा वर्ग

विजेचं शिकवायला लागलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते चटका देऊनच येतात. कर्वेनगरात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी मी बायकांना घरच्या विजेची प्राथमिक माहिती द्यायचे. घरोघरी कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन येण्याचे ते दिवस. मुलं हडपसरला आयटीत, आणि फ्यूज उडाला की सगळं घर अंधारात वायरमनची वाट बघत!

*

पहिल्या दिवशी सर्किट समजावलं. फेजमधून करंट येतो, दिव्यातून जातो, न्यूट्रलमधून परत जातो. वाट कुठेही तुटली की दिवा बंद.

निवृत्त मुख्याध्यापिका कुलकर्णी बाई म्हणाल्या, "परतच जायचं, तर येतो कशाला?"

इतकी वर्षं डिप्लोमाच्या मुलांना शिकवलं, पण हे कुणी विचारलं नव्हतं.

*

पुढच्या वेळी बाईंनी दोन दिवे एकापुढे एक जोडले. दोन्ही मिणमिणले. मी सांगितलं, याला सीरिज म्हणतात. वाट एकच, म्हणून व्होल्टेज वाटून घ्यावं लागतं. एक गेला की दुसराही जातो.

"म्हणजे एकत्र कुटुंब," बाई म्हणाल्या, आणि वायरी सोडवून दोघांना स्वतंत्र वाट करून दिली. दोन्ही लख्ख पेटले.

बाई कसब्यात तीन जावांबरोबर नांदून आल्या होत्या. हसायचं धाडस कुणी केलं नाही.

*

त्याच बाईंना घरी शॉक बसला. बटण बंद करून बल्ब काढत होत्या, तरीही! मी जाऊन होल्डरला टेस्टर लावला, तर तो पेटला. वायरमननं बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलं होतं. दिवा विझायचा, पण वीज होल्डरपर्यंत येऊन थांबलेलीच असायची. घरभर तसंच.

बाई खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "मागचा बल्ब नातवानं बदलला होता."

*

वर्गातल्या सुनंदाच्या कॉम्प्युटरला हात लावला की मुंग्या यायच्या. मुलगा सॉफ्टवेअर इंजिनिअर. तो म्हणाला, "आई, माझं काम स्क्रीनच्या आतलं."

गळकी वीज जमिनीत नेते ती अर्थिंगची हिरवी वायर सॉकेटमध्ये नीट जोडलेली होती. तिचा माग काढत आम्ही जिन्याखालच्या मीटरपाशी गेलो. तिथे तिचं टोक नुसतंच लोंबत होतं. जमिनीशी संबंधच नाही. आख्ख्या विंगला अर्थिंग नव्हतं!

बिल्डरला फोन केला. तो म्हणाला, "इतकी वर्षं चाललं ना?"

सोसायटीनं ठरवलं, दिवाळीनंतर बघू.

*

दिवाळीआधीच वर्गातल्या इंदूताईंचे यजमान वॉशिंग मशीनला चिकटले. पाय अनवाणी, फरशी ओली. हात सुटेना, तोंडातून शब्द फुटेना. त्यांनी दुसरा हात इंदूताईंकडे केला. इंदूताईंनी तो धरला नाही. वळल्या आणि दाराशेजारच्या मेन स्विचकडे धावल्या. स्विच पडला, तसे ते खाली कोसळले. वाचले.

पण शुद्धीवर आल्यापासून त्यांनी एकच धरलं होतं: मी हात केला आणि हिनं पाठ फिरवली. हे इंदूताईंनीच वर्गात सांगितलं.

त्यापुढच्या शनिवारी हॉलमध्ये शेवटच्या खुर्चीवर ते स्वतःच येऊन बसले. हाताला पट्टी. मी विचारलं, आपण इथे कसे?

त्यांनी इंदूताईंकडे पाहिलं नाही. म्हणाले, "उद्या ही चिकटली, तर मलाही पाठ फिरवता यायला हवी."