तुतीचा काढा आणि परसातली शेळी

जगातले सगळे रोग दोनच प्रकारचे: तुतीच्या पाल्यानं बरे झालेले आणि पाला अजून न लावलेले, असं माझ्या सासऱ्यांचं ठाम मत होतं. कळसला त्यांच्या विहिरीवर तुतीचं झाड होतं. गळू आलं, लावा पाला वाटून. शेळी आटली, घाला पाला. तोंडाला चव नाही, करा कोवळ्या पानांची भाजी. उरलेल्या फोकांच्या पाट्या विणायच्या. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी सहज जांभई दिली, तर मामांनी, म्हणजे सासऱ्यांनीच, मुंडाशातून चार पानं काढून त्यांच्या हातात ठेवली. त्या शाळेचा मास्तर मी, राहायलाही सासऱ्यांकडंच. साहेबांनी शेरा काय मारला, ते विचारूच नका.

पंचावन्न सालच्या आसपासची ही गोष्ट. मला तेव्हा जुना खोकला होता. रोज सकाळी मामा काढ्याचा पितळी पेला पुढं करत. "घ्या मास्तर, हाडापतुर जातंय बगा." चव ओल्या कडब्याची. वर्गात मी वाघ, पण सासऱ्यांना नको म्हणायची छाती नव्हती. "फिरत फिरत पितो," म्हणून परसात जायचं आणि काढा शेळीच्या घमेल्यात ओतायचा, हा माझा पराक्रम. गोळ्या मात्र बारामतीच्या डॉक्टरांच्या, चोरून. महिन्याभरात खोकला गेला आणि मामांनी वरकुटे गावापर्यंत डंका पिटला. इंदापूरच्या बाजारात मला उभं करून ते लोकांना माझा श्वास ऐकवत, आणि मीही निर्लज्जासारखा छाती फुगवून उभा राहायचो.

पुढं मामांच्याच पायाला काटा लागला. जखम भरेना. डॉक्टर म्हणाले, अंगात साखर आहे, इंजेक्शनं घ्या, नाहीतर पाय जाईल. मामा हसले. "आमचं मास्तर पाल्यावर बरं झालं, मला सुई कशाला?" आणि पाल्याचा लेप लावून बसले. अंगठा काळा पडायला लागला. माझ्या थापेपायी त्या माणसाचा पाय चालला होता. अन्न गोड लागेना.

शेवटी एका सकाळी पेला हातात धरूनच मी बोललो, "मामा, मी काढा कधी प्यायलोच नाही. सगळा शेळीला घातला. मी गोळ्यांनी बरा झालो."

मामांनी माझ्या हातातला पेला काढून घेतला. मग म्हणाले, "आन् त्या शेळीचं दूध कोन पित हुतं?"

"मीच. चहातून."

"मंग गेलाच की पाला पोटात!" क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. मग माझ्याकडं पाहून ते हळूच म्हणाले, "गोळ्या बी हुत्या म्हना. चला, घालू डॉक्टरच्या पदरात पाय."

अंगठा गेला, पाय वाचला. डॉक्टरांसाठी त्यांनी पाल्याचं गाठोडं नेलं होतंच.

मामा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्याच झाडाची फांदी मी माझ्या दारात लावली आहे. परवा जावयाला शिंक आली, तसा मी काढा करून दिला. "फिरत फिरत पितो," म्हणत तो पेला घेऊन परसाकडं निघाला. तेव्हा आठवलं, मी परसात निघालो की मामाही नेमके भिंतीकडं तोंड करून मुंडासं बांधायला लागायचे. त्यांची फार आठवण आली. मी भिंतीकडं तोंड करून टोपी नीट करत बसलो.