हळू हात

कोल्हारची गौहर मणियार नऊ वर्षं राहुरीजवळच्या शेडमध्ये डाळिंबं पेट्यांत भरत होती. "गौहरबी, हात उचला की! लई हळू चाललंय," हे सुपरवायझरचं रोजचं पालुपद. संध्याकाळी एसटीत बसली की पाय जड व्हायचे आणि डोकं त्याहून जड.

एकदा शेडवर प्रशिक्षणाच्या बाई आल्या. त्यांनी प्रत्येकीला एक कागद दिला. एका बाजूला 'माझी ताकद', दुसऱ्या बाजूला 'माझी कमतरता'. गौहरनं कमतरतेखाली लगेच लिहिलं, 'हात हळू'. ताकदीखाली काही सुचेना. कागद तसाच घडी करून तिनं पिशवीत कोंबला.

त्याच आठवड्यात सोबतच्या राहीबाई तिला घरी घेऊन गेल्या. लेकीचं, सृष्टीचं लग्न होतं. चुडा भरताना दुकानदारानं घाईत दोन बांगड्या पिचवल्या होत्या आणि पोरगी रडत बसली होती.

"तुजे अब्बा बांगड्या भरायचे ना गं? तू बघ की," राहीबाई गौहरला म्हणाल्या.

कित्येक वर्षांनी गौहरनं बांगड्या भरायला कुणाचा हात हातात घेतला. अंगठ्याची बाजू दाबून दाबून मऊ केली, पोरीला बोलण्यात गुंतवलं आणि एकेक हिरवी बांगडी चढवत गेली. चांगला तासभर लागला. एकही पिचली नाही.

"मावशी, दुखलंसुदिक न्हाई," सृष्टी म्हणाली.

घरी येऊन गौहरनं तो कागद काढला. अंग आंबलं होतं, उद्याचं शेडवरचं काम चुकणार नव्हतं. 'हात हळू' तिनं तसंच ठेवलं. वरचं 'माझी कमतरता' तेवढं खोडलं.