नागपंचमीच्या सकाळी न कापलेलं अंडं

मला सापाची भीती वाटत नाही, असं मी परदेशातल्या आमच्या नोव्हाय गावातल्या निदान चार भिशींमध्ये छातीठोकपणे सांगितलं आहे. वाटते. दरदरून घाम फुटेल इतकी वाटते. पण मुलीने कॉर्न स्नेक नावाचा बिनविषारी साप पाळल्यापासून घरी कोणी आलं की मीच त्यांना वर तिच्या खोलीशी नेते, "अहो, गरीब असतो अगदी" म्हणते आणि दारातूनच हात लांब करून दाखवते. लोक म्हणतात, काय बाई धीट! तो भाव मला सोडवत नाही.

या उन्हाळ्यात त्या सापाने, म्हणजे सापिणीने, सात अंडी घातली. नवरदेव मुलीच्या मैत्रिणीने पाळलेला. पुढच्याच आठवड्यात मुलगी इंटर्नशिपला दुसऱ्या राज्यात निघाली. अंडी ओल्या शेवाळात, शेवाळ डब्यात आणि डबा ऊब देणाऱ्या पेटीत ठेवून तिने मला विचारलं, "आई, तुला नक्की जमेल ना? नाहीतर मी फ्रेंडकडे ठेवते." मी म्हटलं, "अगं, तुला वाढवलं मी. ही तर नुसती अंडी!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दोन महिने काहीच करायचं नव्हतं. ते मी उत्तम केलं.

मग एका शनिवारी पहिल्या अंड्याला चीर पडली आणि आतून करंगळीच्या टोकाएवढं तोंड डोकावलं. मी किंचाळले, आणि मग फोटो काढला. सोमवारपर्यंत सहा अंड्यांतून सहा तोंडं बाहेर आली. सातवं अंडं ढिम्म. मंगळवारी सकाळी मुलीचा फोन आला.

"आई, त्याला स्वतःला कट करता येत नाहीये. कधी कधी होतं असं. तू आत्ता एक छोटी चीर दे, नाहीतर ते आत सफोकेट होईल. टॉर्च लावून बघ, लाल रेषा दिसतील, तिथे कापू नको. आज सकाळीच कर, प्लीज."

"करते गं," मी म्हटलं. फोन ठेवला आणि ओट्याकडे पाहिलं. कुकरमध्ये पुरणाची दिंडं वाफवायला लावली होती. फ्रिजवर मी स्वतःच्या हाताने चंदनाने काढलेला नाग होता, त्याच्यापुढे वाटीत दूध आणि लाह्या. नागपंचमी!

आता माझी भक्ती किती, ते सांगते. एकादशीला मी ऑम्लेट खाते. हरतालिकेला जेवून मग मंडळाच्या पूजेला जाते. पण नागपंचमी मी सोडलेली नाही, कारण त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही, तव्यावर काही टाकायचं नाही. सुरीने नागाला इजा होते म्हणे. बायकांना सुट्टी देणारा एवढा एकच सण, तो मी कशाला सोडू? माझी आई त्या दिवशी विळी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकायची. आमच्याकडे माळा नाही, म्हणून मी सुऱ्या डिशवॉशरमध्ये कोंडते.

आणि आज मला कात्री घेऊन चक्क नागाचं घर कापायचं होतं. बरोबर त्याच दिवशी! मी भुवया कोरायची कात्री घेऊन वर गेले, डबा उघडला, आणि हात चालेना. एखाद्या ऑनसाइट मॅनेजरला मी तोंडावर "यात लॉजिक काय?" विचारते. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे मी, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणं हाच धंदा. पण त्या क्षणी माझं सगळं लॉजिक माहेरी गेलं. मनात एकच: आज नको, उद्या पहाटे उठून कापू. देव तारी त्याला कोण मारी. मी झाकण लावलं आणि दिंडं खायला खाली आले. दोन खाल्ली, तूप घालून.

दहा वाजता परत फोन. "केलंस?"

"केलं."

"हलतंय?"

"हो, मस्त आहे."

"थँक्यू आई! यू आर द बेस्ट." तिने पुढे काही विचारलं नाही. तिला लॅबमध्ये जायचं होतं.

खोटं बोलून झाल्यावर लॅपटॉपवरच्या मीटिंगमध्ये लक्ष लागेना. उद्या कापलं तरी तिला कुठे कळतंय, असं स्वतःला चारदा समजावलं. एक वाजता वर जाऊन अंड्याखाली फोनचा टॉर्च धरला. आतली सावली हलली, पण फार हळू. मग थांबली. मी वाट पाहिली. हललीच नाही.

अगं बये, ते पिल्लू आत मरतंय आणि तू फ्रिजवरच्या चित्राला दूध ठेवून बसलीस! मी कात्री लावली. अंडं ओल्या चामड्यासारखं, कात्री घसरली, आणि रक्ताचा एक थेंब वर आला. मला काही सुचेना. विचारायचं कुणाला? जी सांगू शकली असती, तिला मी सकाळीच सांगितलं होतं की कापून झालं.

मी व्हिडिओ कॉल लावला. "मी सकाळी कापलं नव्हतं," एका दमात बोलले. "आज नागपंचमी म्हणून. आत्ता कापायला गेले तर रक्त आलंय."

ती ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही. "कॅमेरा खाली कर," म्हणाली. "घाबरू नको, थोडं रक्त चालतं. रेषेपासून लांब, वरच्या बाजूला. खोल नाही. आता इअरबड ओला कर. त्याच्या नाकावरचा पडदा बाजूला कर. ओढू नको. अजिबात ओढू नको." ती सांगेल तसं मी करत गेले. मी रडत होते, तेही सांगून टाकते. एक चिकट, निळसर तोंड दिसलं. नाकाशी एक बुडबुडा आला, फुटला, आणि दुसरा आला.

"श्वास घेतंय," ती म्हणाली. "आई, नाही जमत असं म्हणायचंस ना. मी फ्रेंडला पाठवलं असतं. दहा मिनिटांवर राहते ती."

पिल्लू गुरुवारी दुपारी आपलं आपण बाहेर आलं. सातांत सगळ्यात बारीक, पण जिवंत. मी त्याला हातात घेतलं, खरंच घेतलं, आणि लगेच मुलीला फोन लावला. "आलं गं बाहेर! एकदम छान आहे!"

"फोटो पाठव," ती म्हणाली.

मी पाठवला. आता ती रोज फोन करते, गोड बोलते, माझ्या गुडघ्यांची चौकशी करते. पण पिल्लू कसं आहे, हे मला विचारत नाही. फोटो पाठव म्हणते.