बाबा ज्या टेम्पोत बसायचे

गावोगाव जाऊन टायर बदलून द्यायची एजन्सी मी घेतली, तेव्हा आमच्याकडे ती कल्पनाच नवी होती. टायर फुटला की ट्रकवाल्यानं चाक काढायचं, रिक्षात नाहीतर बैलगाडीत टाकायचं आणि हायवेवरच्या दुकानात न्यायचं, अशी रीत होती. मुंबईच्या एका टायर विकणाऱ्या शेठनी मला जुना टेम्पो दिला. त्यात कॉम्प्रेसर, जॅक, पहारी, पाण्याचं घमेलं आणि त्यांच्याकडचे नवे टायर. वसई-विरारचा भाग माझा. टायर त्यांचेच विकायचे, बसवायची मजुरी माझी. नाक्यावरच्या किराणा दुकानात फोन होता, तिथं लोक निरोप ठेवायचे.

आमचं घर गोखिवऱ्याजवळ, खाडीच्या बाजूला. बाबांनी जन्मभर भात लावलं. खारं पाणी शिरून शेत नासलं, उरलेला तुकडा एका कारखान्याला गेला, आणि बाबा ओट्यावर बसून राहिले. आई आधीच गेली होती. टेम्पो पहिल्यांदा दारात लावला तेव्हा त्यांनी भोवतीनं फिरून तो पाहिला, कॉम्प्रेसरवर हात ठेवला आणि म्हणाले, "हवा इकून पोट भरनार तुझं?"

"चला की बसा, एक चक्कर मारू," मी म्हटलं.

"पाठ धरलीय," ते म्हणाले आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसले.

धंदा चालला. सातिवलीला तेव्हा नवे गाळे उभे राहत होते, गोदामं होत होती, आणि ट्रक खडीच्या रस्त्यावर टायर फाडून घेत होते. मी अधूनमधून बाबांना विचारायचो. दर वेळी पाठ. मग विचारणं सोडलं.

माझी मोठी बहीण वाडा तालुक्यात दिली होती. भावजी तिकडच्या भातगिरणीचा ट्रक चालवायचे. ती गिरणी बंद पडली आणि बहीण मुलाबाळांसकट आमच्याकडे आली. शेजारची खोली त्यांना दिली. भावजींना मीच काम शिकवलं. रिमवरून टायर सोडवायचा कसा, पहार कुठं घालायची, ट्यूब चिमटू नये म्हणून काय करायचं, सगळं. माणूस हाताला चांगला, तोंडाला गोड. गिऱ्हाइकासमोर मला हसत "शेठ" म्हणायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

पुढं मुंबईच्या शेठनी दुसरा टेम्पो दिला. सातिवली-गोखिवरे मी ठेवलं आणि विरारपासून अर्नाळ्यापर्यंतचा भाग भावजींना दिला. पहिल्या दिवशी सकाळी ते निघाले तर बाबा आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून अंगणात उभे.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"जावईबुवांबरोबर जरा जाऊन येतो," ते म्हणाले, आणि दांड्याला धरून वर चढले. पाठीबद्दल एक अक्षर नाही.

मला वाटलं, एक दिवसाची हौस. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. माझ्या टेम्पोच्या आधी त्यांचा टेम्पो निघायचा, आणि मागच्या काचेतून बाबांची पांढरी टोपी दिसायची. मी मुद्दाम दाराकडे पाठ करून जॅकला तेल घालत बसायचो, पण टेम्पो वळणावर गेल्याचा आवाज कान टिपायचाच.

संध्याकाळी जेवताना बाबा बोलायचे. इतकं बोलणारा माणूस आमच्या घरात होता हे मला माहीतच नव्हतं. "आज आम्ही वाळूत रुतलेल्या ट्रकाचं चाक काढलं. आम्ही फळी घातली खाली. आम्ही म्हनलं, आधी मासली उतरवा, मग बघू." आम्ही, आम्ही. भावजी नुसते हसत भात कालवायचे आणि बहीण त्यांच्या ताटात कालवण वाढायची. मी त्या दिवशी सातिवलीत भर उन्हात सहा चाकी ट्रकचे सगळे टायर बदलले होते. मला कुणी विचारलं नाही.

"तुम्ही दमला असाल, जावईबुवा. पडा जरा," बाबा म्हणायचे. मला म्हणायचे, "कंदील सरकव तिकडं."

माझी बायको समजवायची, "वडीलमाणूस आहे, फिरतंय, बरंय ना? तुमच्या पोटात का दुखतं?" दुखत होतं, हे खरं. मी तिच्यावर ओरडायचो आणि आणखी दुखायचं.

मग मला वाटलं, त्यांना अर्नाळ्याची ओढ असेल. तरुणपणी ते बैलगाडीतून भात घेऊन तिकडं जायचे आणि सुकी मासळी घेऊन यायचे. समुद्र, होड्या, जुनी माणसं. मी भावजींना म्हटलं, "काही दिवस भाग बदलू या. तुम्हालाही सातिवलीचं काम कळेल." ते लगेच हो म्हणाले. मी रात्रीच पुढची सीट पुसली, फाटलेल्या जागी बायकोकडून कापड शिवून घेतलं.

सकाळी बाबा बाहेर आले. मी टेम्पो चालू करून ठेवला होता. दार उघडं ठेवलं होतं. ते माझ्या टेम्पोच्या पुढून गेले आणि भावजींच्या टेम्पोत बसले. सातिवलीला जायला! जी सातिवली मी त्यांना दाखवायला वर्षभर तयार होतो.

मी एकटाच अर्नाळ्याला गेलो. वाळत घातलेल्या बोंबलांच्या पलीकडे मासळीचा एक ट्रक टायर बसून उभा होता. मी चाक काढायला लागलो तर मासळीवाली एक बाई टोपली खाली ठेवून म्हणाली, "आज बाबा नाय आले?"

"नाही."

"मग ट्यूब कोन बघनार?"

"कसली ट्यूब?"

"आमच्याकडं तेच बघतात. पान्यात धरतात नि बुडबुडा दाखवतात. जावई हवा भरतो, बाबा भोक धरतात. तू कोन, नवा गडी?"

मी तिला सांगितलं नाही मी कोण ते. ट्यूब पाण्यात धरली. रागानं इतकी जोरात दाबली की पाणी सगळं चिखलात सांडलं आणि ती बाई हसली.

घरी आलो तो बाबा विहिरीवर पाय धूत होते. मी तिथंच उभा राहून विचारलं, "माझ्याबरोबर यायला पाठ दुखते, आणि त्यांच्याबरोबर वाकून ट्यूब धरता?"

त्यांनी पाय धुवून घेतले. घाई नव्हती. "तुला काय सांगू," ते म्हणाले. "त्यांना इकडलं काय ठावं नाय. कुठं वळायचं, कुनाच्या अंगनातून गेलं की ओरडतात, समदं मला इचारतात. तू कधी इचारलंस?"

"मला माहीत आहे म्हणून नाही विचारलं. तुम्हीच शिकवलंय ते."

"तेच तर. मग मी बसून काय करू? खिडकीतून बघू?"

मला समजलं सगळं. पण समजलं म्हणून ते आतलं कमी झालं असं नाही. उलट आता भावजींच्या अडाणीपणाचाही हेवा वाटायला लागला.

एकदा भावजींचा टेम्पो दुरुस्तीला होता, तेव्हा बाबा नाइलाजानं माझ्याबरोबर आले. गोदामांच्या मागच्या बाजूला टायर बदलायला यायचा निरोप होता. मी टेम्पो थांबवून म्हटलं, "बाबा, आता कुठून जायचं? मला नीटसं आठवत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "या बांधावरनंच शाळेत जायचास तू," ते म्हणाले. "चल, वळव गाडी."

दोन-तीन वर्षांत भावजींनी शेठकडून त्या भागाची एजन्सी स्वतःच्या नावावर घेतली. मी आडवा गेलो नाही. शेठनी विचारलं तेव्हा चांगलंच बोललो, एक तर माणूस खरंच चांगला होता, आणि मला वाटलं, ते विरारला राहायला गेले की बाबा माझ्याकडे राहतील. बहिणीनं विरारला चाळीत खोली घेतली. सामान टेम्पोत चढवलं. सगळ्यात शेवटी बाबा आपली पत्र्याची ट्रंक घेऊन बाहेर आले.

"टेम्पो तिथून निघनार," ते म्हणाले, "रोज इथून कसा जाऊ?"

गावात लोकांनी विचारायचं ते विचारलं. मुलगा असताना बाप मुलीच्या घरी? मी काय सांगणार? म्हणायचो, हवापालट.

रविवारी मी विरारला जायचो. पहिल्यांदा गेलो तेव्हा बाबा खाटेवर बसून भावजींना बोटानं चादरीवर रस्ता काढून दाखवत होते, आगाशीकडून कुठं आत शिरायचं ते. मला पाहून थांबले. बाजूला सरकले. मग आत वळून बहिणीला हाक मारली.

"पोरी, चहा टाक गं. लांबून आलाय तो."

आमच्या घरापासून तिथं टेम्पोनं जायला कितीसा वेळ लागतो! मी खाटेच्या कडेला बसलो. बहिणीनं पाहुण्यांचा कप काढला आणि बशीत बिस्किटं ठेवली. चादरीवरचा रस्ता अर्धाच राहिला होता. भावजींनी हळूच विचारलं, "मग पुढं, बाबा?" आणि बाबांनी पुन्हा बोट टेकवलं.