सूर्यावरचे दोन पांढरे ठिपके

निजामाच्या अमलात मी तेरच्या शाळेत उर्दूतून विज्ञान शिकवायचो. घराच्या माळवदाला उजेडासाठी भोक होतं. त्यात जुनी दुर्बीण बसवून मी रोज दुपारी सूर्याचं बिंब खालच्या कागदावर पाडायचो आणि त्यावरचे डाग पेन्सिलीनं काढायचो. महिन्याचे कागद हैदराबादच्या वेधशाळेला जात. सहा वर्षांत डागांपलीकडं मला काही दिसलं नाही.

एकदा शाळेत तपासणी लागली, म्हणून त्या दिवसाचं काम बायकोवर सोपवलं. रांगोळीनं तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर झालेला, हे कबूल करायला मला म्हातारपण यावं लागलं. संध्याकाळी पाहतो तर मोठ्या डागाच्या दोन्ही अंगांना दोन ठिपके, शेजारी लिहिलेलं, 'पांढरे, लखलखीत.'

"दोन भाकरी भाजूस्तवर दिसलं, मग इझलं," ती म्हणाली. "वरून कायतरी पडलं असंल बघा. फोडणीचं तेल वरून पडतंय, पर उसळतंय खालचं वरण. तसं."

मी वरवर हसण्यावारी नेलं. सहा वर्षं मान मोडून घेतली मी, आणि सूर्यानं दर्शन दिलं ते हिला! दोन दिवसांनी तारबाबूनं सांगितलं, की आदल्या दिवशी तारयंत्र कुणी हात न लावता कडकडत होतं. सूर्यावर मोठा भडका उडाला की दिवसाभरानं तारांत असा आपोआप प्रवाह सुटतो, हे मी वाचलं होतं. म्हणजे ती बरोबर होती, याचा मला जास्तच राग आला.

सहीची जागा तिनं मोकळी सोडली होती. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि स्वतःचं लिहायला मी सांगितलं नव्हतं. तिथं मी माझी सही ठोकली.

महिन्याभरानं वेधशाळेचं कौतुकाचं पत्र आलं. शेवटी एकच प्रश्न होता: दोन्ही ठिपके एकदम पेटले, की एक आधी?

नाइलाजानं तिला विचारलं. तिनं पिठाचे हात झटकले.

"कागदावर सही कुणाची हाय?"

"माझी."

"मग ज्यानं बघितलं त्यालाच ठावं."

हल्ली शास्त्रज्ञ अशा भडक्यातला पांढरा उजेड कुठून येतो याची गणितं मांडतात. वरून कणांचा मारा होतो आणि सूर्याचा खालचा थर तापतो, असं बरेच जण मानतात. वाचलं की मला तिचं वरण आठवतं.

वेधशाळेला मी कळवलं, 'लक्षात नाही.' तिला पक्कं लक्षात होतं. पण मी पुन्हा विचारलं नाही, आणि तिनं मरेपर्यंत सांगितलं नाही.