निळा बैल
टर्पेंटाईनची बाटली उघडली की मला अजून शेजारच्या शेतकऱ्याचा पांढरा बैल आठवतो. वडवणीच्या शाळेतून चित्रकला शिक्षक म्हणून निवृत्त झालो, तेव्हा त्या शेतकऱ्याच्या हौसेखातर गोठ्यासमोर बसून मी त्या बैलाचं चित्र काढलं. त्यानं ते ओसरीवर टांगलं. पुढं दोन वर्षांनी अंबाजोगाईला माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली आणि भिंत, धोतर, दूध, सगळं लख्ख पांढरं दिसायला लागलं. घरी आल्यावर शेजाऱ्याकडं चहाला गेलो, तर ओसरीवरचा बैल चक्क निळा. मोतीबिंदूमुळं मला पांढरंही पिवळट दिसायचं, म्हणून मी पांढऱ्यात निळा रंग मिसळत गेलो होतो. "मला का म्हून सांगितलं न्हाई?" मी विचारलं. "आमाला वाटलं, मोठे चित्रकार असंच काढत असत्याल," तो म्हणाला. मी चित्र दुरुस्त करतो म्हणालो, पण त्यानं हात लावू दिला नाही. "बैल तर गेला, मास्तर. आता आमच्या घरात ह्योच हाय." तेव्हा राहून गेलेली सही मी त्या दिवशी खाली ठळक अक्षरांत केली. आता वयानं माझा हात थरथरतो, रेघ हलते, तरी ती न खोडता मी रोज चित्र काढतो.